नवी बाग की जुना माळी?

भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून प्रवासी जबलपूर शहरात परतला, की रिक्षावाला त्याला हमखास मदन महल टेकडीच्या पायथ्याशी आणतो. तेथे एक भलामोठा काळसर दगड दुसऱ्या दगडाच्या पाठीवर टेकून उभा आहे. टेकण्याची जागा इतकी लहान, की पाहणाऱ्याला वाटावे, एखाद्या पोराने धक्का दिला तरी हा खाली येईल. पण २२ मे १९९७ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर जबलपूरला मोठा भूकंप झाला, घरे पडली, माणसे दगावली, आणि हा दगड मात्र जागचा हलला नाही. गावकरी तो किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. इंग्रजी नाव सर्वांच्या तोंडी बसले आहे, बॅलन्सिंग रॉक.

याच टेकडीवर चढून मदन महलच्या छोट्याशा गोंडकालीन किल्ल्यातून खाली पाहिले, की या शहराला आणखी एक तोल सांभाळावा लागतो, हे ध्यानात येते. खाली घरांची दाटी आहे. तिच्यात मधूनमधून पाण्याचे तुकडे चमकतात, झाडांचे हिरवे ठिपके दिसतात. त्यांतले काही ठिपके जुन्या बागांचे, काही नव्या उद्यानांचे, तर काही कुणीच न लावलेल्या रानाचे. शहर वाढते आहे, तेव्हा नव्या बागा हव्यात. पण ज्या आहेत त्यांना पाणी घालायला, गवत कापायला, तुटलेला झोपाळा बसवायलाही पैसा हवा. पैशाची पिशवी एकच. तिच्यातून नवी जागा घ्यायची, की जुनी राखायची?

हा प्रश्न पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, सगळ्याच शहरांना पडतो. मात्र जबलपूरला तो पाहण्यात वेगळी गंमत आहे आणि वेगळी खंतही. कारण या गावाला पूर्वजांनी दिलेल्या मोकळ्या जागांची कमतरता कधीच नव्हती.

बावन तळ्यांचे गाव

जबलपूरचे जुने लोक आपल्या गावाला 'बावन ताल-तलैयांचे' गाव म्हणतात. ताल म्हणजे मोठे तळे, तलैया म्हणजे तळी. बावन हा आकडा मोजून घेतलेला असो वा कौतुकाने ठरलेला, गावाच्या नकाशावर नजर टाकली तरी तो पटतो. राणीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल, मढाताल, भंवरताल, गुलौआताल, सूरजताल, देवताल, संग्रामसागर. पत्ता सांगताना माणसे जणू पाण्यातूनच वाट काढतात.

यांतल्या तिघांची कथा गावात फार प्रिय आहे. गढ्याची गोंड राणी दुर्गावती हिने राणीताल बांधला, तिच्या दासीने म्हणजे चेरीने चेरीताल, आणि दिवाण आधारसिंह यांनी आधारताल, असे परंपरा सांगते. राणी १५६४ साली मोगल सरदार आसफखानाशी लढताना धारातीर्थी पडली. त्यानंतर राज्ये बदलली. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर आला, १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला. तळी मात्र गावाला पाणी देत राहिली.

आज त्या तीन तळ्यांचे काय झाले? आधारतालात पाणी आहे. राणीतालाच्या जागी क्रीडासंकुल उभे आहे. चेरीताल हे एका वस्तीचे नाव आहे. तळे त्या नावातच उरले आहे. मढातालात आता बाजाराची गजबज. मराठी माणसाचे पाऊल जिथे थबकेल अशीही एक जागा या यादीत आहे. जुन्या गावातल्या अलफखाँच्या तलैयावर लोकमान्य टिळकांची सभा झाली होती. तेव्हापासून त्या जागेला 'तिलकभूमी तलैया' म्हणतात. लोकमान्यांचे नाव राहिले, तलैया हा शब्दही राहिला, पाणी राहिले नाही.

तळे एका रात्रीत नाहीसे होत नाही. आधी गाळ उपसायचा राहून जातो. मग कुठली तरी गटाराची धार त्यात सोडली जाते. काठावरची पायरी ढासळते, तिथे कचरा पडू लागतो. पाण्यावर जलपर्णी पसरते, डास होतात, वास येतो. ज्या बायाबापड्या काल तिथे दिवे सोडत होत्या, त्याच आज नाकाला पदर लावून जातात. अशा वेळी कुणी म्हणाले, "बुजवून टाका एकदाचे," तर लोकांना ते उपकारच वाटतात. बुजवल्यावर जागा मोकळी दिसते, आणि शहरात मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही.

म्हणजे तळी गेली ती कुणी जमीन हिसकावली म्हणून नव्हे. निदान सुरुवात तशी झाली नाही. सुरुवात झाली ती निगा राखण्यात कुचराई झाल्याने. गाळ उपसण्याचा खर्च वाचला आणि तळे गेले. आज तेवढी जागा शहराच्या मध्यभागी विकत घ्यायची म्हटली, तर कुठल्याही महापालिकेचे डोळे पांढरे होतील.

बकुळीची सावली

एका तळ्याने मात्र जाता जाता चांगला जन्म घेतला. भंवरताल. नेपियर टाऊनच्या बाजूला, राणी दुर्गावती संग्रहालयाच्या सान्निध्यात या जुन्या तळ्याच्या जागी आज भंवरताल उद्यान आहे. जबलपूरच्या कित्येक पिढ्यांनी इथे पहिली घसरगुंडी पाहिली.

या उद्यानात एक बकुळीचे झाड आहे. हिंदीत त्याला मौलश्री म्हणतात. आचार्य रजनीश, म्हणजे पुढे पुण्याच्या कोरेगाव पार्कमुळे साऱ्या जगाला ठाऊक झालेले ओशो, तरुणपणी जबलपुरात शिकत होते. २१ मार्च १९५३ च्या रात्री याच झाडाखाली त्यांना बोध झाला, अशी त्यांच्या अनुयायांची श्रद्धा आहे. पुढे त्यांनी जबलपुरातच तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. देशोदेशींचे लोक हे झाड पाहायला येतात, क्षणभर डोळे मिटून उभे राहतात.

ज्यांना ओशोंशी काही देणेघेणे नाही, त्यांनाही ही बकुळ काही सांगते. बकुळ हे सावकाश वाढणारे झाड. कुणी तरी ते लावले, उन्हाळ्यात पाणी घातले, शेळ्यांपासून जपले, तेव्हा कुठे पुढच्या माणसाला त्याची सावली मिळाली. ज्याने ते लावले त्याचे नाव कुणाला माहीत नाही. बागेच्या निगेचे काम असेच असते. ते नीट झाले तर दिसत नाही, न झाले तर मात्र सगळ्यांना दिसते.

जबलपूरचा मे महिना काय असतो, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. पारा चाळिशी ओलांडून चढत राहतो. अशा दिवसांत हिरवळीला रोज पाणी लागते. एक दिवस चुकला तर पिवळी पडते, चार दिवस चुकले तर जळते. पावसाळा आला की उलटी तऱ्हा. गवत कमरेएवढे वाढते, गाजरगवत उगवते, वाटेवर शेवाळ धरते. ते खुरपायचे, वाढलेल्या फांद्या छाटायच्या, पाणी तुंबले असेल तर चर काढायचा. हिवाळ्यात फुलांच्या वाफ्यांना खत. शिवाय बारमाही कामे वेगळीच: पंप, नळ, दिवे, बाक, कुंपण, स्वच्छतागृह, फाटकावरचा पहारेकरी. बाग म्हणजे घरात नवे मूल येण्यासारखे आहे. बारशाचा खर्च एकदाच असतो; दूध, कपडे आणि शाळेची फी पुढे वर्षानुवर्षे चालू राहते.

फीत कापल्यानंतर

सरकारी हिशेबात खर्चाचे दोन कप्पे असतात. एक भांडवली, म्हणजे काही नवे बांधण्याचा. दुसरा महसुली, म्हणजे रोजच्या चालण्याचा. पगार, वीज, दुरुस्ती सगळे या दुसऱ्या कप्प्यात. गोम अशी, की पहिल्या कप्प्यासाठी भोपाळहून आणि दिल्लीहून मदत येऊ शकते. दुसरा कप्पा बव्हंशी महापालिकेने आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून भरायचा असतो.

२०१५ साली केंद्र सरकारने शहरांसाठी 'अमृत' योजना आणली. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हे तिचे मुख्य काम. पण बागांसाठीही तिच्यात जागा ठेवली होती, जास्तीत जास्त अडीच टक्के. त्यासोबत एक अटही होती. बाग झाल्यावर तिची देखभाल परिसरातल्या रहिवाशांच्या सहभागाने व्हावी, तिच्यासाठी सरकारी निधी मिळणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये 'स्मार्ट सिटी' योजनेची पहिली वीस शहरे जाहीर झाली, त्यांत पुणे आणि सोलापूर यांच्याबरोबर जबलपूरही होते. शहरात नव्या कामांना वेग आला. गढ्याकडचे गुलौआताल याच काळात नव्याने सजवले गेले. तळ्याभोवती फिरण्याची वाट झाली, दिवे आले, संध्याकाळी मुलाबाळांसह कुटुंबे येऊ लागली. एक तळे बुजण्याऐवजी उजळले, ही जबलपूरसाठी लहान गोष्ट नव्हे. आता ३१ मार्च २०२५ रोजी स्मार्ट सिटी योजनेची मुदत संपली आहे. तळ्यातली जलपर्णी मात्र मुदत पाहून उगवत नाही.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात बागा, उद्याने आणि क्रीडांगणे पुरवणे हे काम नगरपालिका-महापालिकांकडे दिलेल्या विषयांत स्पष्ट नोंदले आहे. पण पालिकेच्या अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली, की कुठून सुरुवात होते? पाणी तोडता येत नाही, कचरा पडू देता येत नाही, पगार थांबवता येत नाहीत. बागेचा माळी निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली नाही, तर मोर्चा निघत नाही.

मग जे होते ते देशातल्या कुठल्याही शहरात सारखेच असते. आधी दोन दिवे जातात. संध्याकाळी अंधार पडतो म्हणून बायका लवकर घरी परतू लागतात. स्वच्छतागृहाला कुलूप लागते, म्हणून वृद्ध यायचे थांबतात. झोपाळ्याची साखळी तुटते, मुले येईनाशी होतात. मग पत्ते कुटणारे येतात, त्यांच्यामागून बाटल्या येतात. वर्षभराने कुणी तरी म्हणतो, "नाही तरी ही जागा वायाच जाते आहे, गाड्या लावायला द्या." तळ्याच्या बाबतीत जे घडले, तेच बागेच्या बाबतीत घडते, फक्त पाण्याऐवजी माणसे आटतात.

नव्या बागेची बाजू

इतके ऐकल्यावर वाटेल, की नव्या बागांचा नाद सोडावा आणि आहेत त्याच सांभाळाव्यात. पण तेही पुरे सत्य नव्हे. शहर एका जागी थांबत नाही. नव्या वसाहतींत राहायला गेलेल्या सुनेने तान्ह्या मुलाला घेऊन रोज भंवरतालला यावे, ही अपेक्षा व्यवहारात उतरणारी नाही. बाग घरापासून चालत जाण्याजोगी असेल तरच ती रोजच्या उपयोगाची. शिवाय जमिनीचा भाव दर वर्षी चढतो. आज न घेतलेली जागा उद्या स्वस्त होणार नाही.

याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. पुणे महापालिकेत १९९७ साली जी २३ गावे आली, त्यांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवायचे ठरले. वर्षानुवर्षे वाद चालला. २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षणावर शिक्कामोर्तब केले. पण आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. बरीचशी जमीन खासगी मालकांची, त्यांना मोबदला द्यायचा तर किती आणि कुठून, यावर घोडे अडले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे साधारण दुप्पट. नकाशावर हिरवा रंग राहिला आणि प्रत्यक्षात टेकड्यांवर बांधकामे चढत गेली. वेळेवर न घेतलेल्या जागेचे हे दुखणे आहे.

जबलपूरमध्ये सध्या ज्या नव्या उद्यानाची चर्चा आहे, ते राणी दुर्गावतीच्या नावाचे. राणीच्या जन्माला पाचशे वर्षे होत असल्याच्या निमित्ताने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी 'वीरांगना राणी दुर्गावती स्मारक आणि उद्यान' या प्रकल्पाचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. मदन महल टेकडीच्या परिसरात सुमारे २१ एकर जागा, सुमारे १०० कोटी रुपये खर्च, राणीचा ५२ फुटी कांस्य पुतळा, गोंडवनाचा इतिहास सांगणारे संग्रहालय, औषधी वनस्पतींची बाग, बांबूची बाग आणि खडकांची बाग, असा त्याचा आराखडा आहे. राणीच्या गावात राणीचे असे स्मारक व्हावे, याबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. गोंड समाजाच्या मुलांना आपला इतिहास एका जागी पाहायला मिळेल, ही मोठी गोष्ट आहे.

पण याच टेकडीची आणखी एक आठवण आहे. वर्षानुवर्षे राखण नसल्याने या खडकांमध्ये झोपड्या उभ्या राहिल्या, मग पक्की घरे झाली. कुणी वीस वर्षे राहिले, कुणाची मुले तिथेच जन्मली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, अतिक्रमणे हटवण्याचे आदेश झाले, आणि २०१८-१९ च्या सुमारास शेकडो कुटुंबांना टेकडीवरून उठावे लागले. अनेकांना शहराबाहेर तिलहरीला जागा दिली गेली. टेकडी मोकळी झाली, ती शहराची आहे, हे खरे. पण सुरुवातीलाच कुंपण आणि दोन पहारेकरी ठेवले असते, तर कुणाचा संसार हातगाडीवर चढला नसता, हेही तितकेच खरे. निगा न राखण्याची किंमत शेवटी ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे, त्यांच्याकडून वसूल होते.

डुमनाचे गणित

या साऱ्या कोड्याचे उत्तर बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून आठ-दहा किलोमीटरवर डुमना निसर्ग उद्यान लागते. क्षेत्र १,०५८ हेक्टर, आणि मालकी महापालिकेची. सागाचे आणि मिश्र झाडांचे रान, त्यात चितळांचे कळप, रानडुकरे, साळिंदर, कोल्हे, तऱ्हेतऱ्हेचे पक्षी. मधोमध खंदारी जलाशय. त्यात मगरी आहेत, म्हणून पाण्यात उतरायला मनाई.

एवढे मोठे रान एका महापालिकेच्या हाती आले कसे? कुणी बागेसाठी म्हणून ते घेतलेच नव्हते. १८८० च्या दशकात शहराला पाणी पुरवण्यासाठी खंदारीचा बांध घातला गेला. जलाशयात येणारे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतीचे पाणलोट क्षेत्र राखले गेले. पाण्यासाठी रान राखले आणि रानाने जनावरे राखली. मुंबईकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १८६० चा विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव यांच्या पाणलोटासाठी राखलेले जंगल हाच आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा आहे.

आता एक छोटेसे गणित. २०११ च्या जनगणनेत जबलपूर महापालिकेची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या थोडी वर होती. डुमनाच्या १,०५८ हेक्टरांची तेवढ्या माणसांत वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ दहा चौरस मीटर येतात, म्हणजे दहा फूट बाय अकरा फुटांची एक खोली. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. एका डुमनाच्या जोरावर जबलपूर या कसोटीच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. असे भाग्य फार थोड्या शहरांचे.

पण हनुमानतालच्या गल्लीत राहणाऱ्या आजीला तिच्या वाटणीची ही खोली उपयोगाची नाही. तिला हवा आहे घराजवळचा एक बाक, डोक्यावर सावली आणि संध्याकाळी पेटणारा दिवा. म्हणूनच सरासरीचे आकडे पाहून समाधान मानता येत नाही. डुमना शहराच्या फुप्फुसांसाठी आणि विहिरींच्या पाण्यासाठी; गल्लीतली बाग तिथल्या माणसांसाठी. एक आहे म्हणून दुसरी नको, असे होत नाही.

डुमनाने शिकवलेली खरी गोष्ट वेगळी आहे. रानाला रोज पाणी घालावे लागत नाही, गवत कापायचे यंत्र लागत नाही, कारंज्याचे वीजबिल येत नाही. वणवा लागू नये म्हणून जाळरेषा, घाणेरीची झुडपे माजू नयेत म्हणून तोड, कुंपण आणि वनरक्षकांची फेरी, एवढे मनापासून केले की रान स्वतःला सांभाळते. एकरी खर्च हिरवळीच्या बागेच्या तुलनेत अगदी किरकोळ. म्हणजे 'जागा घ्यावी की जुनी राखावी' या प्रश्नात एक तिसरा प्रश्न लपलेला आहे: घेतलेल्या जागेवर काय करायचे? प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर हिरवळ, कारंजे आणि रंगीत दिवे लावायचे ठरवले, तर चार बागांतच तिजोरीचा तळ दिसेल. त्याऐवजी कडुनिंब, करंज, बकुळ, कदंब अशी इथल्या मातीतली झाडे लावली, तर सुरुवातीचे तीन-चार उन्हाळे पाणी द्यावे लागेल. नंतर ती आपली आपण उभी राहतात. एक पायवाट, थोडे बाक, एक पहारेकरी. बाग साधी होईल, पण टिकेल.

मात्र 'काही बांधलेले नाही' म्हणजे 'काही उपयोगाचे नाही', असा समज रानाच्या मुळावर येतो. डुमनाच्या जमिनीवर निरनिराळे प्रकल्प आणण्याच्या कल्पना वेळोवेळी निघाल्या आणि जबलपूरच्या निसर्गप्रेमी नागरिकांनी त्यांना वेळोवेळी विरोध केला. प्रत्येक प्रकल्प एकेकटा पाहिला तर थोडीशीच जागा मागतो. पण राणीताल, चेरीताल आणि मढाताल यांच्याही बाबतीत कुणी बावन तळी एकदम बुजवली नव्हती.

तळे राखी तो पाणी चाखी

तेव्हा तोल साधायचा कसा? जबलपूर पाहिल्यावर क्रम सुचतो तो असा. आधी जे हातात आहे ते जाऊ देऊ नये. डुमना, टेकड्या, उरलेली तळी यांच्या सीमा आखाव्यात, सातबाऱ्यासारख्या पक्क्या कागदावर आणाव्यात, आणि त्यांवर पहारा ठेवावा. ही सर्वांत स्वस्त खरेदी आहे, कारण इथे जमिनीचे पैसे द्यायचेच नाहीत. दुसरे, नवी जागा घ्यायची ती जिथे चालत जाण्याजोगी एकही बाग नाही अशा वस्तीत, आणि ती साधी ठेवायची. तिसरे, नव्या उद्यानाच्या अंदाजपत्रकात बांधकामाच्या आकड्याखाली आणखी एक आकडा आधीच लिहिलेला असावा: पुढच्या दहा वर्षांचा माळ्याचा पगार, पाणी आणि वीज. तो लिहिता येत नसेल, तर कारंजे गाळावे, माळी गाळू नये.

रहिवाशांचा हातभार लागला तर उत्तमच. पुण्यात कोरेगाव पार्कला एका घाण नाल्याकाठची महापालिकेची जागा ओशो आश्रमाने फुलवली. मुंबईत मात्र मोकळ्या जागा देखभालीसाठी खासगी संस्थांकडे देण्याच्या धोरणावर २०१६ मध्ये मोठे वादळ उठले. काही ठिकाणी जागा सांभाळणारेच मालकासारखे वागू लागले होते, आणि दिलेल्या जागा परत घेण्याची वेळ पालिकेवर आली. मोहल्ल्याने झारी हाती घ्यावी, फाटकाची किल्ली मात्र सर्वांची राहावी, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण मराठीत बहुधा कुत्सितपणे वापरली जाते. ज्याच्या हाती कारभार, तो आपला हात ओला करून घेणारच, असा तिचा रोख. बावन तळ्यांच्या गावात मात्र तिचा सरळ अर्थच बरा वाटतो. ज्याने तळे राखले, त्याच्या नातवंडांना पाणी मिळाले. ज्याने राखले नाही, त्याच्या नातवंडांना फक्त नाव मिळाले.

संध्याकाळी भंवरतालच्या बकुळीखाली थोडे थांबावे. हंगामात गेलात तर पायाखाली बारीक, चांदणीसारखी फुले सापडतात. सुकली तरी वास सोडत नाहीत. मराठी घरांत ती वहीच्या पानांत जपून ठेवतात. तिथून निघताना फाटकाजवळ नळी गुंडाळत बसलेला माळी दिसला, तर त्याला एक नमस्कार करावा. भेडाघाट नर्मदेने घडवला, तोललेला दगड निसर्गाने ठेवला. ही सावली मात्र त्याच्यासारख्यांनी सांभाळली आहे.

कसे जाल?

मुंबईहून हावड्याला जाणारा जुना लोहमार्ग जबलपूरवरूनच जातो. १८७० साली पश्चिमेकडची आणि पूर्वेकडची रेल्वे याच गावात जोडली गेली. मुंबईहून थेट गाड्या आहेत. नागपूरहून सिवनी, लखनादौनमार्गे मोटारीने एका दिवसात सहज पोचता येते. गोंदियाहून सातपुड्यातून जाणारी पूर्वीची छोटी रेल्वे आता ब्रॉडगेज झाली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भेडाघाटचा धुवांधार धबधबा, चौसष्ट योगिनी मंदिर आणि ग्वारीघाटावरची नर्मदेची आरती यांसाठी दोन दिवस ठेवावेत. तिसरा दिवस डुमना, गुलौआताल आणि भंवरतालसाठी राखावा. डुमनाला सकाळी लवकर जावे, आवाज करू नये, आणि खाल्लेल्या फरसाणाची पिशवी परत आणावी. तेवढीच पाहुण्यांकडून निगा.